नेदरलँड्सला निघण्यापूर्वी : बाळंतपण इथे करावे की तिथे

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, ऐरोलीत नोकरी करता, चौथा महिना चालू आहे आणि यजमानांना आम्स्टरडॅमजवळ नोकरी मिळाल्याने दोन महिन्यांत निघायचे आहे. बाळंतपण ठाण्यात माहेरी करून मग जावे की तिकडेच करावे, आणि तिकडे केले तर आईवाचून कसे निभेल, असे तुम्ही विचारले आहे. माझी थोरली मुलगी नौपाड्यात, माझ्या माहेरी असताना झाली आणि धाकटा मुलगा पाच वर्षांनी आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टलव्हेनला झाला. त्यामुळे दोन्हीकडचे सांगता येईल. सध्या सुट्टीत ठाण्यातच आहे आणि आई शेजारी बसून माझ्या विसरलेल्या गोष्टी मला आठवून देत आहे.

प्रसूती कुठे होईल याची काळजी तुम्ही फार करत आहात, असे मला वाटते. दोन्हीकडे डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत आणि निरोगी बाईची प्रसूती दोन्हीकडे नीट होते. खरा विचार करायचा तो दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या दिवसांचा. त्या दिवसांत घरात कोण असेल, हे ठरले की बाकीचे निर्णय त्यामागून येतात.

थोरलीच्या वेळी सव्वा महिना मी खोलीबाहेर फारशी पडले नाही. सकाळी मालिशवाली बाई यायची, आधी मला आणि मग बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, शेकशेगडी व्हायची, धुरी व्हायची, आणि ताटात रोज बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, पालेभाजी, वर तूप आणि जेवणानंतर बाळंतशोपा. आई, मावशी आणि शेजारच्या काकू आळीपाळीने बाळाला घेत, म्हणून मला झोप मिळाली. याचे मोल मला पुढे परदेशात कळले. मात्र एक गोष्टही खरी आहे की स्वतःच्या बाळाला मी पहिल्यांदा अंघोळ घातली ती ते अडीच महिन्यांचे झाल्यावर, आणि तेव्हा माझे हात कापत होते. सगळे काही माझ्यासाठी होत होते आणि मी पाहत होते. यजमान शनिवार-रविवारी पाहुण्यासारखे येऊन जात.

नेदरलँड्समध्ये व्यवस्थेची मांडणीच वेगळी आहे. सर्व काही सुरळीत असेल तर गरोदर बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतच नाही. तपासणी, प्रसूती आणि नंतरचे पहिले दिवस सुईण सांभाळते. तिला तिकडे फरलोस्कुंदिख म्हणतात. सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते इथे आणू नये, कारण ती चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतलेली असते आणि धोक्याचे पहिले चिन्ह दिसताच तुम्हाला रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे सोपवते. घरीच बाळंत होणाऱ्या बायकाही तिकडे आहेत. रुग्णालयात जायचे ठरवले आणि त्यासाठी वैद्यकीय कारण नसले, तर काही रक्कम पदरची भरावी लागते. कळा जवळजवळ येईपर्यंत घरीच थांबायला सांगतात आणि सारे ठीक असेल तर प्रसूतीनंतर काही तासांत घरी पाठवतात. मला रात्री दोनला मुलगा झाला आणि सकाळी नऊला मी माझ्या जिन्याच्या पायऱ्या चढत होते. कळा शमवण्याचे इंजेक्शन हवे असेल, तर त्यासाठी रुग्णालयातच जावे लागते आणि हे सुईणीशी आधी बोलून ठेवावे, कारण तिथे वेदनेविषयीची समजूत आपल्यापेक्षा वेगळी आहे आणि आपण न मागता कोणी काही देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर एवढे लांबवले, ती क्रामझोर्ख. प्रसूतीनंतर साधारण आठ दिवस, रोज काही तास, एक प्रशिक्षित बाई तुमच्या घरी येते. एकूण तास किमान २४ आणि कमाल ८० असतात, सर्वसाधारण बाळंतिणीला ४९ च्या आसपास मिळतात आणि खर्च मूळ आरोग्यविम्यातून होतो, फक्त तासागणिक थोडी रक्कम आपण भरतो. ती टाके पाहते, ताप पाहते, गर्भाशय किती खाली आले ते हाताने तपासते, बाळाचे वजन करते, त्याला कावीळ तर नाही ना यावर लक्ष ठेवते, न्हाणीघर रोज घासते, कपडे धुते आणि दुपारी पाव-चीजचे ताट हातात आणून देते. तिची पाठ वाकू नये म्हणून पलंग किमान ८० सेंटिमीटर उंच लागतो. त्यासाठी पलंगाखाली ठोकळे ठेवावे लागतात आणि ते भाड्याने मिळतात. हे मला माहीत नव्हते, यजमानांनी ऐन वेळी धावपळ करून आणले.

आमच्याकडे आलेली बाई साठीच्या जवळची होती. पहिल्याच दिवशी तिने बाळाला माझ्या हातात दिले आणि म्हणाली, अंघोळ तुम्ही घालायची, मी शेजारी उभी राहते. मला रडू आले, कारण अंगात त्राण नव्हते आणि आईची आठवण येत होती. पण चौथ्या दिवशी यजमान एकटे बाळाला अंघोळ घालत होते आणि आठव्या दिवशी आम्हा दोघांना त्याचे रडणे ओळखू येत होते. विश्रांती, स्वच्छता आणि नियमितपणा ही तिकडची जुनी शिकवण आहे, आणि ती बाई तिन्हींची पक्की होती. भेटीला येणाऱ्यांना ती वेळ ठरवून बोलवायला लावी आणि तासाभरात निरोपही तीच देई. पाहुण्यांना तिकडे कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी आणि वर साखरेत घोळवलेली रंगीत बडीशेप घालून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. बडीशेपेने दूध वाढते अशी त्यांचीही जुनी समजूत आहे. हे ऐकून मी आईला फोन केला आणि बाळंतशोपांची आठवण सांगितली, तेव्हा गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

नवव्या दिवशी मात्र घर एकदम रिकामे होते. त्या दिवसाची तयारी आमच्यापैकी कोणीच करत नाही. यजमानांना एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते आणि पुढच्या सहा महिन्यांत घ्यायच्या आणखी पाच आठवड्यांचे पैसे पगाराच्या ७० टक्के दराने मिळतात. ते पाच आठवडे प्रसूतीला लागून घ्यावेत, पुढे सुट्टीला येण्यासाठी राखून ठेवू नयेत. आम्ही राखून ठेवले आणि दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या अंधारात मी दिवसभर तान्ह्या बाळाबरोबर आणि पाच वर्षांच्या मुलीबरोबर एकटी राहिले. मला कशातही रस वाटेनासा झाला होता. बाळाच्या वजनासाठी आरोग्य केंद्रात गेले तेव्हा तिथल्या परिचारिकेने बाळाआधी माझी चौकशी केली, आणि तिने विचारले म्हणून मी बोलले. तुम्हाला असे वाटू लागले तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. फॅमिली डॉक्टरांना स्वतः फोन करा.

त्या केंद्रात आणि भाषेच्या वर्गात भेटलेल्या बायकांमुळे मी सावरले. वरच्या मजल्यावरच्या तुर्की शेजारणीने मला लालभडक गोड सरबत आणून दिले. त्यांच्यात बाळंतिणीला ते देतात आणि चाळीस दिवस तिला एकटे सोडत नाहीत. नायजेरियाच्या इग्बो मैत्रिणीकडे तिची आई आली होती. मुलीच्या बाळंतपणाला आजीने येऊन राहण्याच्या या प्रथेला त्यांच्याकडे ओमुग्वो म्हणतात. ती आजी गरम पाण्याने पोट शेकायची आणि तिखट सूप करायची. चिनी मैत्रीण महिनाभर थंड पाण्याला शिवली नाही. डच बाईला हे सगळे अनावश्यक वाटते आणि ती दहाव्या दिवशी बाळाला घेऊन फिरायला निघते. मला तिचे धैर्य आवडते, पण जगातल्या इतक्या घरांनी महिना-सव्वा महिना स्वतंत्रपणे बाजूला काढून ठेवला, तो उगाच नाही, असे मी आता ठामपणे मानते.

आम्स्टलव्हेनला जपानी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यात बाळंतपणाला माहेरी जाण्याची पद्धत आहे, सातोगाएरी. आमच्या इमारतीतली एक जण सातव्या महिन्यात जपानला गेली आणि बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर परत आली. आईकडून विश्रांती घेऊन ती टवटवीत आली होती, पण नवऱ्याला बाळ कसे धरावे तेही येत नव्हते आणि पुढचे सहा महिने सारे तिच्यावरच पडले. तुम्ही ठाण्यात बाळंत होणार असाल तर यजमानांनी त्यांची रजा नौपाड्यात, घोडबंदरला, जिथे बाळ असेल तिथे घालवावी, अशी माझी विनंती आहे.

तिकडे जायचे ठरवले तर आईच्या येण्याचा हिशेब काटेकोर करा. पाहुणी म्हणून येताना लागणाऱ्या युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. माझी आई तारखेच्या तीन आठवडे आधी आली, बाळाने आणखी आठवडा घेतला आणि आल्यापासून महिनाभर ती माझ्यासारखीच वाट पाहत बसली, शिवाय घरगुती अडचणीमुळे तिला बाळ झाले त्याच दिवशी परतावे लागले. तुमच्या आईचे तिकीट दिलेल्या तारखेनंतरचे काढा, म्हणजे क्रामझोर्खचे शेवटचे दोन-तीन दिवस दोघी एकत्र असतील. त्या दिवसांत वाद होतील हे गृहीत धरा. ती बाई बाळाच्या गादीवर उशी ठेवू देणार नाही, पाठीवरच झोपवायला सांगेल, आणि मध चाटवू देणार नाही. या तिन्ही बाबतींत ती बरोबर आहे, आईला आधीच सांगून ठेवा. धुरी मात्र तिकडे करता येत नाही, छतावरची धुराची घंटा वाजते.

नोकरीचे पाहा. इथे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिकडे १६ आठवडे आहेत आणि तीही तिथे नोकरी असेल तरच, त्यामुळे पत्नी म्हणून जाल तेव्हा हातात पगार नसेल. पाळणाघराचे सरकारी साहाय्यही सहसा दोघे कमावत असतील तेव्हाच मिळते.

जाणारच असाल तर विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी ठाण्यात करून घ्या आणि सगळे अहवाल जवळ ठेवा. घराचा पत्ता पक्का होताच त्या भागातल्या सुईणीला आणि क्रामझोर्ख संस्थेला फोन करा, कारण सहाव्या महिन्यात नाव नोंदवणे म्हणजे उशीरच आहे. आरोग्यविमा नोंदणीपासून चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. बाळाची नोंद नगरपालिकेत तीन दिवसांत करावी लागते आणि त्यासाठी नाव ठरलेले हवे. बारशाची वाट पाहता येत नाही. आम्ही नाव आधी नोंदवले आणि बाराव्या दिवशी आत्याने व्हिडिओवरून ते पुकारले. तिथे जन्मल्याने बाळ डच नागरिक होत नाही, म्हणून हेगच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद करा. बीसीजीची लस तिकडे सरसकट देत नाहीत, पण आईवडील भारतातले असतील तर देतात, म्हणून आठवणीने मागा.

सामानात डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा आणि वावडिंग जांभळी नाक्यावरून घ्या आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून घ्या. अळिवाचे कोवळे कोंब तिकडे दुकानात कोशिंबिरीसाठी मिळतात, लाडवाला लागणारे बी मात्र इथूनच नेलेले बरे. आई म्हणते, डिंक तळून, कुटून, डब्यात भरून द्यायला सांग, म्हणजे तिथे त्यांना एकटीला उभे राहावे लागणार नाही.