वाचकांचे प्रश्न : बँकेने कापलेले पैसे परत मागताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. बँकेने किंवा क्रेडिट कार्ड देणाऱ्या कंपनीने न विचारता पैसे कापले, आणि विचारायला गेल्यावर ‘सिस्टिमने कापले’ एवढेच उत्तर मिळाले, ही चौघांचीही तक्रार आहे. सिस्टिममध्ये शुल्काचा दर माणसानेच भरलेला असतो आणि तो दर कोणत्या नियमात बसतो हे सांगण्याची जबाबदारी बँकेवर असते, हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझ्या मुलाचे पुण्यातील एका खासगी बँकेत पगाराचे खाते होते. साडेतीन वर्षांपूर्वी त्याने नोकरी बदलली आणि खात्यात 8,400 रुपये तसेच राहिले. त्यानंतर त्याने त्या खात्याला हात लावलेला नाही. आता उतारा काढला तर किमान शिल्लक नसल्याचा दंड कापत कापत सगळी रक्कम संपली असून खात्यावर उणे 2,300 रुपये दिसत आहेत. शाखेत म्हणतात, ‘आधी हे पैसे भरा, मगच खाते बंद होईल.’ हे भरावे लागतील का?
— एक निवृत्त शिक्षिका, इस्लामपूर

उत्तर : उणे दिसणारे 2,300 रुपये भरण्याची गरज नाही, आणि गेलेल्या 8,400 रुपयांपैकीही बरीच रक्कम परत मागता येईल. पगार येणे थांबले की बँक असे खाते साध्या बचत खात्यात बदलते आणि तेव्हापासून किमान शिल्लकेची अट लागू होते. बहुतेकांना हा बदल कळतच नाही, आणि तुमच्या मुलाचे नेमके तेच झाले आहे.

रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी काढलेले आणि 1 एप्रिल 2015 पासून लागू झालेले परिपत्रक आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचे आहे. शिल्लक कमी झाल्यास बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला कळवायचे, शिल्लक पूर्ववत करण्यासाठी एक महिन्याचा अवधी द्यायचा आणि त्यानंतरच दंड लावायचा, असे ते सांगते. दंड सरसकट ठोकायचा नसून जेवढी तूट आहे तिच्या प्रमाणात असावा, असेही त्यात आहे. समजा, किमान शिल्लक 10,000 रुपये ठरलेली आहे आणि सरासरी शिल्लक 9,400 राहिली, तर तूट 600 रुपयांचीच आहे. बँकेच्या दरपत्रकात तुटीच्या 6 टक्के दंड असेल, तर तो 36 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी एवढाच होतो. तिसरी गोष्ट म्हणजे, केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. उणे 2,300 ही नोंद त्यामुळे मुळातच टिकत नाही.

दुसरा आधार याहूनही भक्कम आहे. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावण्यास बँकेला मनाई आहे. बँकेने व्याज जमा केले किंवा शुल्क कापले, तरी तो ग्राहकाचा व्यवहार धरला जात नाही. आपल्या मुलाने खाते सोडून साडेतीन वर्षे झाली असल्याने, दोन वर्षे पुरी होऊन खाते निष्क्रिय झाल्यानंतरचा प्रत्येक दंड जीएसटीसह परत व्हायला हवा. आधीच्या दोन वर्षांतील दंडाबाबत मात्र सगळे सूचनेवर अवलंबून आहे. बँकेने सूचना पाठवल्याच नसतील तर तीही रक्कम मागता येते. पण मुलाने मोबाइल क्रमांक बदलून बँकेला कळवले नसेल आणि सूचना जुन्या क्रमांकावर गेल्या असतील, तर त्या भागात आपली बाजू लंगडी पडते, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पगार थांबला त्या महिन्यापासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा घ्यावा आणि दंडाची प्रत्येक नोंद, तारीख व जीएसटीसह वेगळ्या कागदावर उतरवून बेरीज करावी. अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ अशी वाक्ये लिहू नयेत, कारण अशा अर्जाला ‘आम्ही दिलगीर आहोत’ असे उत्तर देऊन बँक मोकळी होते. त्याऐवजी पुढील आशयाचे लिहावे : ‘सोबत जोडलेल्या तक्त्यातील प्रत्येक नोंदीसाठी मला कोणत्या तारखेस, कोणत्या मार्गाने सूचना देण्यात आली आणि तूट किती धरून दंडाची आकारणी केली, हे लेखी कळवावे. सूचना दिली नसल्यास, तसेच खाते निष्क्रिय झाल्यानंतर आकारलेली सर्व रक्कम जीएसटीसह परत जमा करावी, उणे शिल्लक रद्द करावी आणि त्यानंतर खाते बंद करून उरलेली रक्कम माझ्या दुसऱ्या खात्यात पाठवावी.’ अर्ज खातेदाराने स्वतःच्या सहीने द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी, किंवा ईमेलने पाठवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

मी स्वतः अनेक वर्षे बँकेच्या शाखेत काम केले आहे. तोंडी तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘बघतो’ म्हणून परत पाठवले जाते आणि शिक्का मारलेला अर्ज मात्र फाइलला लागतो, त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागते, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. अर्ज घेतल्यावर शाखा कधीकधी ‘सद्भावना म्हणून’ निम्मी रक्कम परत देऊ करते. ती घ्यावी, पण ‘पूर्ण समाधान झाले’ अशा मजकुरावर सही करू नये.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झाली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळावर भरता येते किंवा टपालाने चंदीगड येथील केंद्राकडे पाठवता येते आणि तिला काहीही शुल्क लागत नाही. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास अर्ज फेटाळला जातो, आणि तीच बाब न्यायालयात चालू असेल तरीही तो घेतला जात नाही. 2021 च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत ठेवलेली होती. तरीही उत्तर येताच आठवडाभरात तक्रार भरावी, म्हणजे मुदतीचा वाद उरत नाही.

प्रश्न : एका मॉलमध्ये ‘आजीवन मोफत’ असे सांगून माझ्याकडून क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरून घेतला. कार्ड घरी आले, पण मी ते सुरूच केले नाही. वर्षभराने 590 रुपये वार्षिक शुल्काचे बिल आले, मी दुर्लक्ष केले आणि आता विलंब शुल्क व व्याज धरून 4,700 रुपये मागत आहेत. वसुलीवाले रोज फोन करतात आणि ‘1,500 मध्ये सेटलमेंट करा’ म्हणतात. करून टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया सेटलमेंट करू नका. रक्कम कमी होते म्हणून ते सोयीचे वाटते, परंतु पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, पुढे गृहकर्ज मागताना तो आडवा येतो, आणि जे देणे आपण लागतच नव्हतो ते मान्य केल्यासारखे होते.

क्रेडिट कार्डांसंबंधीचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश एप्रिल 2022 मध्ये आले आणि त्याच वर्षी लागू झाले. न मागता कार्ड पाठवले, ग्राहकाच्या संमतीविना सुरू केले आणि बिल लावले, तर कंपनीने ते शुल्क रद्द करून वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची आहे. मात्र आपण फॉर्मवर सही केली असल्याने ही तरतूद आपल्याला लागू होणार नाही, म्हणून अर्जात तिचा आधार घेऊ नका. तक्रारीतील एक चुकीचा मुद्दा बाकीचे चांगले मुद्देही झाकून टाकतो. आपला आधार वेगळा आहे. कार्ड दिल्यापासून 30 दिवसांत ग्राहकाने ते सुरू केले नाही, तर कंपनीने ओटीपीद्वारे त्याची संमती घ्यायची असते, आणि संमती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कोणताही खर्च न लावता खाते बंद करायचे असते. म्हणजे वार्षिक शुल्काची वेळ येण्याआधीच आपले कार्ड बंद झालेले असायला हवे होते. शिवाय सुरू न झालेल्या कार्डाची माहिती पतमापन संस्थांना, म्हणजे पतअहवाल तयार करणाऱ्या संस्थांना, देण्यासही मनाई आहे.

अर्जात एवढेच विचारावे की कार्ड कोणत्या तारखेस सुरू झाले आणि संमतीचा ओटीपी कधी घेतला. याचा पुरावा कंपनीला दाखवता येणार नसेल, तर 590 रुपये आणि त्यांवर चढलेले सगळे आपोआप कोसळते. बिलावर हरकत घेतल्यास कंपनीने जास्तीत जास्त 30 दिवसांत स्पष्टीकरण आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. 590 रुपयांचे 4,700 कसे झाले याचा हिशेबही मागावा, कारण न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवता येत नाही.

त्याच अर्जात कार्ड बंद करण्याची मागणी करावी. कसलेही देणे बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला 500 रुपये कंपनीने ग्राहकाला द्यायचे आहेत. पतअहवाल काढून पाहावा. त्यात चुकीची नोंद असेल तर लगेच दुरुस्ती मागावी. ही दुरुस्ती 30 दिवसांत झाली नाही, तर त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल 2024 पासून आहे. फोन करणाऱ्यांना ‘बिल वादग्रस्त आहे, तक्रार क्रमांक हा’ एवढेच सांगून फोन ठेवावा आणि त्या फोनांच्या तारखा व वेळा टिपून ठेवाव्यात.

प्रश्न : माझ्या कार्डावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लावतात. 30 टक्क्यांवरचे व्याज बेकायदा आहे असे ऐकले. जास्तीचे परत मिळेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै 2008 मध्ये तसा निर्णय दिला होता हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने तो 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. केवळ दर चढा आहे म्हणून व्याज परत मागता येत नाही. जे मागता येते ते निराळे आहे. विलंब शुल्क मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लागते आणि तेही मुदतीनंतर उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. शुल्कात वाढ करायची तर किमान एक महिना आधी कळवावे लागते. या दोन कसोट्यांवर आपली गेल्या वर्षाची बिले तपासावीत. काही निसटलेले सापडले तर तेवढ्यापुरता अर्ज करावा. दर महिन्याला बिलाची फक्त ‘किमान देय रक्कम’ भरून बाकीची पुढे ढकलत राहणे मात्र आजच थांबवा. उरलेली थकबाकी कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जात वळवता आली, तर परताव्याच्या खटपटीपेक्षा तिथे जास्त पैसे वाचतील.

प्रश्न : एटीएममधून 7,000 रुपये निघाले नाहीत, पण खात्यातून गेले. सतरा दिवसांनी परत आले. माझे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. भावाची अशीच कटकट पतसंस्थेशी चालू आहे. त्यांनी कर्जावर भलताच दंड लावला आहे. आम्ही दोघांनी कोणाकडे जावे?
— एक शेतकरी, नांदेड जिल्हा

उत्तर : आपले पैसे व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत यायला हवे होते. त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये, म्हणजे बारा दिवसांचे 1,200 रुपये बँकेने आपण न मागता जमा करायचे होते. रिझर्व्ह बँकेचे हे परिपत्रक 20 सप्टेंबर 2019 चे आहे. अर्जात त्याचा उल्लेख करून दोन्ही तारखा दाखवणारा उतारा जोडावा. बँकेने नकार दिला तर जिल्हा मध्यवर्ती बँकाही नोव्हेंबर 2025 पासून लोकपाल योजनेत आल्या आहेत, त्यामुळे आपल्याला तो मार्ग खुला आहे.

पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते, म्हणून भावाने लोकपालाकडे अर्ज करून वेळ घालवू नये. कर्जाचा करारनामा आणि दंडाच्या हिशेबाची प्रत संस्थेकडून लेखी मागावी आणि ती घेऊन सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे तक्रार द्यावी. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही त्यांना उघडा आहे. दंड लागल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे. वकील लावण्याची सक्ती नाही आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. मात्र निकाल लागेपर्यंत कर्जाचा मूळ हप्ता थांबवू नये. तो वेळेवर भरून वादाच्या रकमेपुरतीच हरकत नोंदवावी, नाहीतर संस्था थकबाकीदार म्हणून वसुलीची कारवाई सुरू करील आणि दंडाचा प्रश्न मागे पडेल.