ब्युटाइल की डांबरी, २ मिमी की ४ मिमी: स्पीकरवाल्या दारांसाठी डॅम्पिंग शीट कशी निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुढच्या दारांत १६.५ सेंमीचे कॉम्पोनंट स्पीकर, डिकीत छोटा सबवूफर. आवाज वाढवला की दार खडखडतं आणि बास पोकळ वाटतो. २ मिमीची ब्युटाइल (एक चिकट रबर) शीट घ्यावी की तेवढ्याच पैशांत मिळणारी ४ मिमीची डांबरी? आणि अख्खी गाडी मढवावी लागेल का?

डांबरी घेऊ नका, आणि अख्खी गाडी मढवायची तर अजिबात गरज नाही. पण शीट विकत घेण्याआधी दोन तपासण्या करा, त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली, एका दाराच्या वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) प्लस-मायनस वायरी अदलाबदल करून तेच गाणं लावा. बास एकदम भरून आला, तर एक स्पीकर उलटा जोडलेला होता. एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर बास आपसातच कापला जातो. हा दोष जगातल्या कुठल्याही शीटने जाणार नाही. बास कमी झाला, तर जोडणी मुळात बरोबर होती. वायरी परत पहिल्यासारख्या करा.

दुसरी, गाणं चालू असताना डोअर पॅडवर, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणावर, तळहात दाबून धरा. खडखड थांबली, तर ती पत्र्याची नाही. पॅडची, सैल क्लिपांची किंवा आतल्या वायरींची आहे. तिथे ब्युटाइल लावणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला मलम. त्याला फेल्टची पट्टी, फोम आणि नव्या क्लिपा लागतात.

आता शीटकडे येऊ. दुकानात ‘साउंडप्रूफिंग’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या कामांच्या वस्तू विकल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पत्र्याची थरथर मारते ती डॅम्पिंग शीट. दोन भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये बसतो तो फोम किंवा फेल्ट. आणि बाहेरचा आवाज अडवतं ते जड विनाइल, म्हणजे एमएलव्ही. एकाचं काम दुसरा करत नाही. तुम्हाला मुख्यतः पहिलं हवंय, दुसरं थोडंसं, तिसरं बहुधा नकोच.

डॅम्पिंग शीट वजनाने काम करते हा गैरसमज खूप पसरलेला आहे. वजनाचा थोडा वाटा असतो, पण खरं काम घासण्यातून होतं. खाली पत्रा, वर अॅल्युमिनियमचा थर, मध्ये चिकट ब्युटाइल. पत्रा वाकायला जातो, वरचं अॅल्युमिनियम ताणलं जायला तयार नसतं, आणि मधलं ब्युटाइल दोघांच्या ओढाताणीत पिळलं जातं. त्या पिळण्यात थरथरीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून वरचा थर जितका ताठ, तितकं डॅम्पिंग चांगलं. १०० मायक्रॉनचा अॅल्युमिनियम थर असलेली २ मिमी शीट ही कागदासारख्या पातळ फॉइलच्या ४ मिमी शीटपेक्षा बहुधा सरस ठरते. खोक्यावर जाडी ठळक छापतात आणि फॉइलचा आकडा बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. तो नसेल तर मी ती शीट बाजूला ठेवीन.

माहितीपत्रकात ‘लॉस फॅक्टर’, म्हणजे शीट थरथर किती मारते त्याचा आकडा, दिला असेल तर उत्तम. तो एएसटीएम ई७५६ सारख्या प्रमाणित पद्धतीने मोजतात. पण दोन शीटांची तुलना करताना तापमान आणि खालच्या पत्र्याची जाडी दोन्हीकडे सारखी आहे का ते बघा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

डांबरी शीट का नको? उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ७०-८० अंशांपर्यंत तापू शकतो. त्या तापमानाला डांबर मऊ पडतं, उभ्या पत्र्यावरून हळूहळू खाली ओघळतं आणि केबिनमध्ये वास सोडतं. थंडीत तेच कडक होऊन तडकतं. छताची गळती थांबवायला वापरतात ती चंदेरी टेप दिसायला अगदी डॅम्पिंग शीटसारखी असते, पण ती बऱ्याचदा डांबरीच असते आणि तिची फॉइलही पातळ असते.

वेष्टनावर ‘ब्युटाइल’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. ब्युटाइलमध्ये डांबर मिसळलेले मालही असतात. नमुन्याचा ५ × ५ सेंमी तुकडा मिळवा. स्वच्छ पत्र्याच्या पट्टीवर दाबून चिकटवा, पट्टी उभी टांगा आणि हीट गनने अंतरावरून १०-१५ मिनिटं गरम ठेवा, हाताला चटका बसेल इतकं. पेनने आधी तुकड्याच्या कडेला रेघ मारून ठेवा. तुकडा रेघेखाली सरकला किंवा डांबराचा ओळखीचा वास आला, तर निकाल लागला. दुसरा तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी वाकवा: ब्युटाइल थोडं ताठ होतं पण वाकतं, डांबरी तुकडा कुरकुरीत बिस्किटासारखा तुटू शकतो. शेवटी चिकटवलेला तुकडा खेचून काढा. पत्र्यावर ब्युटाइलचे धागे मागे राहायला हवेत. सगळा थर सोलपटासारखा अलगद सुटून आला, तर चिकटपणात दम नाही. हे सगळं पॅकेट उघडून गाडीत लावण्याआधी करायचं, नंतर नाही.

आता दार, कारण तुमच्या पोकळ बासचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

दार म्हणजे तुमच्या वूफरचं खोकं, पण ते भोकांनी भरलेलं आहे. आतल्या पत्र्याला कारखान्यात मोठाली भोकं ठेवलेली असतात, काच वर-खाली करणारी मशीन बसवायला. पडद्याच्या पुढच्या बाजूचा आवाज केबिनमध्ये येतो आणि मागच्या बाजूचा, नेमका उलटा, या भोकांतून बाहेर पडून त्यालाच खाऊन टाकतो. हे खालच्या स्वरांत सगळ्यात जास्त होतं. म्हणून भोकं बंद करणं हे बाहेरच्या पत्र्यावर दुसरा थर चढवण्यापेक्षा कितीतरी जास्त फायद्याचं. लोक नेमकं उलट करतात.

पॅड काढलं की पारदर्शक प्लास्टिक दिसेल. ते फालतू नाही, पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून आहे. ते काढलंत तर भोकं पूर्ण बंद करून त्याचं काम नव्या थराने करायला हवं. काही नव्या गाड्यांत तिथे प्लास्टिकची अख्खी प्लेट असते आणि मशीन तिच्यावरच बसवलेली असते. तशी असेल तर तुमचं अर्धं काम कंपनीने केलंय. त्या प्लेटवर शीटचे तुकडे लावा आणि पुढे जा.

आधी बाहेरचा पत्रा, तो भोकांतून हात घालून करावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. कारखान्यातला मेणासारखा गंजरोधक थर असेल तर शीट लागेल तेवढ्याच जागेपुरता काढा. बोटाच्या पेराने ठोकत जा: जिथे ‘ठण्ण’ असा डब्यासारखा आवाज येतो, तिथे तुकडा लावा. अख्खं झाकायची गरज नाही. निव्वळ पत्र्याची थरथर घालवायला एरवी २५ टक्के भागही पुरतो. स्पीकरच्या दारात ५०-६० टक्के करा, त्यातही स्पीकरच्या थेट मागे नक्की. भोकातून जाईल एवढेच, तळहाताच्या दीडपट तुकडे कापा. मोठा तुकडा आत नेताना स्वतःलाच चिकटतो आणि मग तो फेकावाच लागतो.

रोलरने दाबणं हा कंटाळवाणा भाग आहे आणि काम बिघडतं ते इथेच. फॉइलवर खवल्यांची नक्षी असते. ती दाबून सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. नक्षी उठून दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. हवा राहिली की ओढाताण होत नाही, तिथे पाणी साचू शकतं आणि काही महिन्यांत कड उचलते. २० अंशांखाली काम करत असाल तर शीट आधी हलकी गरम करा. हीट गन बाहेरच्या पत्र्यावर एका जागी धरू नका, पलीकडे गाडीचा रंग आहे. आणि हातमोजे घाला: कापलेल्या फॉइलची कड ब्लेडसारखी असते.

मग आतला पत्रा. लहान भोकांवर शीट थेट चालते. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणून लावलीत, तर ती उन्हाळ्यात लोंबते आणि बासबरोबर ढोलाच्या कातड्यासारखी फडफडते. तिथे १ मिमीचा अॅल्युमिनियम पत्रा भोकापेक्षा सगळीकडून २०-२५ मिमी मोठा कापा, कडेला ब्युटाइलची दोरी लावा, स्क्रूने बसवा आणि वरून शीट चढवा. स्क्रूसाठी भोक पाडण्याआधी काच कुठे येते ते बघाच. काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर, दोन्ही वेळा स्क्रूचं टोक तिच्यापासून लांब हवं. पाडलेल्या भोकांच्या कडांना प्रायमर लावा. प्लेट स्क्रूवर ठेवायची कारण एक दिवस काचेची मशीन बिघडणार, आणि मग सगळं खरवडून काढायची पाळी येईल.

दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात. त्यांवर शीट, चिकटपट्टी, काहीही येता कामा नये. आधीच मास्किंग टेपने खुणा करून ठेवा आणि शेवटी टेप काढायला विसरू नका. दारात फुगणारा पीयू फोम मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: तो पाणी धरून ठेवतो, बाहेरचा पत्रा फुगवू शकतो आणि परत निघत नाही. साधा स्पंजसारखा फोमही आत नको, तोही पाणी पितो. शिवाय बासवर त्याचा परिणाम शून्य. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते. १० मिमीचा फोम तिला काय शोषणार? अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम दारात लावणं हा निव्वळ फोटोपुरता प्रकार आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचं तोंड झाकू नका, आणि अशा दाराची भोकं बंद करण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल बघा, कारण दारातल्या हवेच्या दाबावरच त्याचा निर्णय ठरतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना किल्ली फिरवू नका.

स्पीकर बसवताना त्याच्या कडेला फोमची गोल गॅसकेट लावा, म्हणजे आवाज पॅडच्या जाळीतून बाहेर येईल. नाहीतर तो पॅडच्या मागे पसरून प्लास्टिक हलवतो. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असेल तर तिला सगळ्या बाजूंनी वॉर्निश हवं, अन्यथा ती ओलीने फुगते आणि स्क्रू सैल होतात. पॅडच्या मागच्या बाजूला ५ मिमीचा बंद कप्प्यांचा (पाणी न पिणारा) फोम, वायरींना कापडी हार्नेस टेप.

हिशोब असा. मध्यम आकाराच्या दाराचा हाताला लागणारा बाहेरचा पत्रा अंदाजे ९० × ४५ सेंमी, म्हणजे ०.४ चौरस मीटर. त्याचे ६० टक्के ०.२४, आतल्या बाजूला ०.३५ धरा. दोन दारांचे जवळपास १.२, कापण्यातलं नुकसान धरून १.४ चौरस मीटर. ५० × ८० सेंमीच्या चार शीटा झाल्या. २ मिमीच्या शीटचं वजन साधारण ३ ते ३.५ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे दोन्ही दारांत मिळून पाच किलोच्या आतबाहेर. बिजागऱ्यांना ते जड नाही.

डिकीला एक शीट पुरेल: झाकणाच्या आतल्या पत्र्याचे ‘ठण्ण’ करणारे भाग तेवढे. नंबर प्लेटच्या मागे मात्र फोमच्या पट्ट्या लावा. सबवूफर असलेल्या गाडीतली सगळ्यात मोठी खडखड बऱ्याचदा तिचीच असते. शीट लावल्याने बास गाडीबाहेर जायचा थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. त्याला वजन लागतं, आणि वजन दुप्पट केल्यावर सिद्धांतानुसार जेमतेम ६ डेसिबल मिळतात.

टायरचा घोंघाट कमी करायचा असेल तर तो वेगळा प्रकल्प आहे. सीट, कार्पेट काढून फरशीवर आणि चाकांच्या कमानींवर थोडं ब्युटाइल, त्यावर फोम, त्यावर सुमारे ५ किलो प्रति चौरस मीटरचं एमएलव्ही, सांधे जोडून सलग. आत्ता त्यात पडू नका.

पॅड लावण्याआधी दारावर बादलीभर पाणी ओता आणि खालून नीट वाहतंय का बघा. लावल्यावर ३० ते २०० हर्ट्झचा स्वीप टोन हळूहळू चढवत वाजवा. जिथे काही वाजेल तिथे टोन थांबवून हाताने एकेक भाग दाबत जा. सन व्हायजर, आरशाचं कव्हर, ग्लोव्ह बॉक्सची कडी अशा वस्तू तेव्हा बोलायला लागतात, कारण आतापर्यंत त्या दाराच्या आवाजात लपलेल्या होत्या. पॅडच्या क्लिपा दर दारामागे दोन-चार तुटतातच, तेव्हा जादाच्या आधीच आणून ठेवा.