हस्तलिखिते जमवणाऱ्या अभ्यासकाचे आयुष्य कसे असते? इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्यासारखे काम आज करता येईल का?

आपण मराठीत एम. ए. करीत आहात, जुन्या हस्तलिखितांचा शोध आणि संग्रह हेच काम पुढे करावे असे आपल्या मनात आहे, आणि त्यावर पोट भरेल का व लोक घरात पडून असलेले कागद अभ्यासकांना का देत नाहीत, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो: पोट भरणार नाही. राजवाडे यांची पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, हाताने स्वयंपाक करून ते गावोगाव दफ्तरे धुंडाळत राहिले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही 22 खंडांची माला उभी केली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढणाऱ्या या माणसाने देह ठेवला तो मात्र आमच्या धुळ्यात, 31 डिसेंबर 1926 रोजी. त्याच धुळ्याचे शं. श्री. देव यांच्या गाठीशी वकिली होती, म्हणून 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढून मठामठांतून रामदासी बाडे (हस्तलिखित वह्या) मिळवणे आणि डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून 1905 मध्ये दासबोध छापणे त्यांना जमले. तेव्हा एक तर राजवाडे यांच्यासारखे निःसंग व्हा, नाही तर आधी नोकरी धरा. मी नोकरी धरली. पस्तीस वर्षे मराठी शिकवले आणि सुट्ट्यांत पोथ्या शोधल्या.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी हे लिहायला बसलो.

शिंदखेडा तालुक्यात आमचे धाब्याचे घर होते आणि त्याच्या माळ्यावर लाल खारव्यात बांधलेले पोथ्या-कागदांचे चार रुमाल (गाठोडी) होते. आजोबांच्या आजोबांना नकलून घेण्याचा नाद होता, एवढेच घरात सांगितले जाई. मी शाळेत असताना एक गृहस्थ अमळनेरहून एसटीने आले, ओसरीवर पाणी प्यायले आणि कागद नुसते पाहू द्या, येथेच बसून उतरून घेतो, असे म्हणाले. माझ्या काकांनी त्यांना अहिराणीत असे काही सुनावले की ते गृहस्थ पुढच्या गाडीची वाट पाहायला फाट्यावर जाऊन उन्हात उभे राहिले. पुढे दोन वर्षांनी मोठा पाऊस झाला, धाबे गळाले आणि रुमाल भिजले. काकांनी ते वाळवलेसुद्धा नाहीत. पोथी भंगली की तिचे विसर्जन करावे, या समजुतीने त्यांनी बैलगाडी जुंपली आणि मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वराचे दर्शन घेऊन चारही रुमाल मोठ्या भक्तिभावाने पाण्यात सोडले. जी पांझरा धुळ्याहून, राजवाडे यांच्या नावाच्या संशोधन मंदिराच्या गावाहून वाहत येते, तिच्याच मुखाशी हे झाले, याची चीड मला अजून येते.

त्या गाडीत मीही होतो. एका रुमालाची गाठ सैल झाली होती, त्यातून निसटलेले एक बाड मी सदऱ्याखाली लपवले. हातकागदाची एकवीस पाने, बोरूची ठसठशीत बालबोध (देवनागरी) अक्षरे, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ या खनिजाचा पिवळा लेप आणि त्यावर दुरुस्ती (आपण ‘हरताळ फासणे’ म्हणतो ते येथूनच आले), आणि शेवटी नकलनविसाची नेहमीची संस्कृत सबब, की जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. मजकूर एकनाथांच्या भारुडांचा, म्हणजे दुर्मीळ नव्हे. पण कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या पानावर कोणीतरी मोडीत, म्हणजे जुन्या जलद मराठी लिपीत, ज्वारीच्या उधारीचा हिशेब टिपून ठेवला आहे, आणि मोडी शिकल्यावर मी तो वाचला तेव्हा त्यातील दोन आडनावे आजही आमच्या गल्लीत आहेत असे दिसले. या एका पानामुळे ते बाड आमच्या गावचे ठरते. ते पान नसते तर ती कोठलीही भारुडे झाली असती. म्हणून मी कठोरपणे सांगतो की जो संग्राहक कागद कोणाच्या घरी, कोणत्या रुमालात, कशाच्या शेजारी सापडला हे त्याच दिवशी लिहून ठेवत नाही, तो साठेबाज आहे, मग त्याच्या कपाटात पाच हजार पोथ्या असोत. राजवाडे यांचे मोठेपण त्यांच्या तर्कांत शोधू नका, त्यांतील पुष्कळ आज टिकत नाहीत. घरोघरच्या खासगी दफ्तरांना त्यांनी साधन मानले, हे त्यांचे खरे काम.

माझे थोरले चुलतबंधू, म्हणजे त्याच काकांचे चिरंजीव, अजूनही म्हणतात की परक्याच्या हाती जाण्यापेक्षा तापीमाईच्या पोटात गेले ते बरे झाले. दादा हे वाचतील, म्हणून येथेच विचारतो: परक्याने नकलून घेतले असते तर आपले काय कमी झाले असते? मूळ प्रत माळ्यावरच राहणार होती.

एक गोष्ट मात्र मला मान्य केली पाहिजे, आणि ती मला काकू वारण्याआधी तिच्याकडून कळली. त्या अमळनेरच्या गृहस्थांच्या कितीतरी आधी दुसरेच एक विद्वान येऊन पाचवा रुमाल ‘पंधरा दिवसांसाठी’ घेऊन गेले होते. चिठ्ठी दिली नाही, पत्रांना उत्तर दिले नाही, रुमाल परत आला नाही. काकांचा राग त्या माणसावर होता आणि तो निघाला भलत्यावर. तेव्हा आपण कोणाच्या ओसरीवर जाल तेव्हा दुबार कागदावर पावती लिहा, पानांची संख्या मालकासमोर मोजा, शक्यतो मूळ प्रत मागूच नका, तेथेच छायाचित्रे काढा आणि एक संच त्यांना द्या. बालबोध पोथ्यांवर भागेल असे समजू नका, मोडी आधी शिका. शिष्यवृत्तीसाठी आपल्या विद्यापीठातच चौकशी करावी. आणि आपल्या स्वतःच्या घरी माळा असेल, तर पावसाळ्याआधी त्यावर चढून पाहा.