‘रोरी’ आली की ‘रोरी’ आला?

प्रश्न आलाय तो असा. भाचा आयर्लंडात कॉर्कला नोकरीला आहे, भाचेसून तिथलीच. त्यांना मुलगी झाली आणि दोघांनी तिचं नाव ‘रोरी’ ठेवायचं ठरवलं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या अडून बसली आहे. तिचं म्हणणं, तो गोल्फवाला रोरी मॅकिलरॉय चांगला बाप्या आहे, पुरुषाचं नाव मी पोरीच्या कानात सांगणार नाही. तर हे नाव मुलीला चालेल का, त्याचा अर्थ काय, आणि मराठीत लिहायचं कसं?

आधी अर्थ, कारण तो फार गोड आहे. मूळ आयरिश नाव ‘रूअरी’. त्यात दोन शब्द आहेत, ‘रूअ’ म्हणजे तांबडा आणि ‘री’ म्हणजे राजा. आयरिशमध्ये लाल रंगाला दोन शब्द आहेत. झेंडा किंवा रक्त लाल असेल तर ‘जॅरग’, पण माणसाचे केस किंवा जनावराचं अंग तांबूस असेल तर ‘रूअ’. कोल्ह्याला ते ‘मद्रा रूअ’ म्हणतात, शब्दशः तांबडा कुत्रा. आपणही साडी लाल म्हणतो आणि गाय तांबडी म्हणतो, तसंच काहीसं. तेव्हा रूअरी म्हणजे तांबूस केसांचा राजा. ‘रूअ’ हा आपल्या ‘रुधिर’ आणि ‘रोहित’ या शब्दांचा भाऊबंद, एकाच प्राचीन धातूपासून फुटलेला. आणि ‘री’ हा ‘राजन्’ आणि लॅटिन ‘रेक्स’ यांच्या घरातला. नात्यागोत्याने पाहिलं तर तुमच्या नातीचं नाव ‘रोहितराज’ होतं. ब्रजभाषेतल्या होळीच्या गाण्यांत ‘रोरी’ येते ती म्हणजे कपाळी लावायची लाल रोळी. तिचा आयर्लंडशी काडीचा संबंध नाही, पण लाली तिथेही आहे, हे आत्याबाईंच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता मुख्य तक्रार. आयर्लंडात हे नाव पुरुषाचं, यात आत्याबाई बरोबर आहेत. नॉर्मन लोक आयर्लंडात उतरले तेव्हा गादीवर असलेला, आणि साऱ्या बेटाचा शेवटचा म्हणून ओळखला जाणारा महाराजा याच नावाचा होता. तो 1198 मध्ये वारला. तिथल्या शाळेच्या हजेरीपटावर ‘रोरी’ वाचणारी बाई आजही आधी मुलगाच शोधेल. अमेरिकेत मात्र हे नाव मुलींमध्ये रुळलं आहे. रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर सहा महिन्यांनी, डिसेंबर 1968 मध्ये जन्मलेल्या त्यांच्या धाकट्या मुलीचं नाव रोरी. ती पुढे माहितीपट करू लागली. 2000 साली सुरू झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या नायिकेनेही हे नाव घरोघर नेलं. इंग्रजी कानाला शेवटची ‘ई’ नाजूक वाटते. मेरी, एमिली, लूसी यांच्या रांगेत रोरी सहज बसते.

‘केली’चंही असंच झालं. ते मुळात आडनाव, आणि आडनावाच्या मुळाशी ‘केलाख’ नावाचा एक पुरुष. पण अमेरिकेत जाऊन केली मुलगी झाली. इथपर्यंत मला काही खटकत नाही. ‘मॅक’वाली आडनावं मुलींना ठेवतात तिथे मात्र मला हसू आवरत नाही. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, पुत्र. मुलीचं नाव ‘मॅकेना’ ठेवायचं म्हणजे पोरीला पाळण्यात घालून ‘अमक्याचा पुत्र’ म्हणायचं. आयरिश भाषेत असा गोंधळ होत नाही, कारण तिथे आडनावालाही लिंग असतं. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, तो पुरुषाला, कुमारिकेला ‘नी’. ‘मॅक’चं स्त्रीरूप ‘निक’. गायिका एन्याच्या घरात भाऊ ‘ओ ब्रीनान’ आणि बहीण ‘नी व्रीनान’, सख्खी भावंडं. लग्न झालेल्या बाईसाठी आणखी तिसरंच रूप आहे. आपल्याकडे जोश्यांच्या सुनेला ‘जोशीण’ म्हणत, त्या जातीचं.

पण नाव पुरुषाचं की बाईचं हे ठरवतं कोण? शब्दाचं लिंग तर नक्कीच नाही. आयरिशमध्ये मुलीला ‘कॅलीन’ म्हणतात (इंग्रजीतलं ‘कॉलीन’ त्यातूनच आलं), आणि हा शब्द व्याकरणाने चक्क पुल्लिंगी आहे. त्याच्या शेवटी लागलेला लघुत्वाचा ‘ईन’ प्रत्यय त्याला पुल्लिंगात ओढतो. सर्वनाम लावायची वेळ आली की मात्र ‘ती’च म्हणतात. हसू नका. संस्कृतात बायकोला ‘दारा:’ म्हणतात, तोही पुल्लिंगी आणि वर बहुवचनी. ‘कलत्र’ म्हणावं तर नपुंसकलिंगी. गोव्यात कोकणीतलं ‘चेडूं’ नपुंसकलिंगी, आणि कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’ म्हणतात म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

आपल्या नावांकडेच बघा. कमल, सुमन, कुसुम हे तिन्ही शब्द नपुंसकलिंगी, नावं बायकांची. उत्तरेत हीच कमल आणि सुमन सर्रास पुरुष असतात. ‘किरण’ तर शुद्ध पुल्लिंगी, तो किरण. पण किरण मोरे यष्टिरक्षक आणि किरण बेदी पोलीस अधिकारी, दोघांनाही नाव शोभलं. सुहास जोशींना रंगभूमीवर पाहताना नावाचा ‘हास’ पुल्लिंगी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

या किरणवरून जर्मनीत खटला झाला होता. तिथल्या एका जोडप्याला मुलीचं नाव ‘किरण’ ठेवायचं होतं. नोंदणी कार्यालय म्हणालं, नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही, सोबत दुसरं स्पष्ट नाव जोडा. प्रकरण थेट संविधान न्यायालयापर्यंत गेलं. 2008 च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितलं की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर आईवडिलांना नाव निवडता येतं. आपल्या गल्लीत हाक मारली तर दोन्हीकडून ‘ओ’ येणारं नाव तिथे न्यायाधीशांपुढे उभं राहिलं, याची मला अजून गंमत वाटते.

आयर्लंडातही नाव एका बाजूकडून दुसरीकडे गेल्याची उदाहरणं आहेत. ‘ॲल्व्हा’ हे टिपेररी परगण्यातल्या एमली गावच्या जुन्या संताचं नाव, दाढीवाल्या बिशपचं. दंतकथेतल्या कॉर्मक राजाच्या मुलीचंही तेच. आज ते मुलींमध्येच जास्त दिसतं.

व्याकरणाच्या बाजूने तर रोरी फारच सोयीची आहे. आयरिशमध्ये हाक मारताना पुरुषांची बरीच नावं शेवटी बदलतात. ‘शॉन’ला हाक मारायची तर ‘अ ह्यॉन’ होतं. बायकांच्या नावांचा शेवट असा बदलत नाही. ‘शॉन’ मुलीला ठेवलं असतं तर हाक कशी मारायची, यावर आजीआजोबांचं भांडण झालं असतं. ‘रूअरी’चा शेवट स्वरात, आणि सुरुवातीचा ‘र’ही हाकेत तसाच राहतो. मुलगा असो की मुलगी, हाक एकच.

मराठीत तर प्रश्नच मिटतो. हरीला, गौरीला, तसंच रोरीला, रोरीने, रोरीचा. सामान्यरूपात काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही, कारण पुढचं क्रियापद सगळं सांगून टाकतं. ‘रोरी आली, रोरी रडली, रोरीने वाटी पालथी केली आणि पळाली.’ इंग्रजीत नुसतं ‘आलं’ म्हटलं तर कोण आलं ते कळत नाही, म्हणून त्यांना नावावर एवढा भार टाकावा लागतो. आपल्याकडे ‘अगं रोरी’ म्हटलं की झालं. लाडात मुलाचं ‘रोऱ्या’ झालं असतं, हिचं ‘रोरू’ होईल.

लिहिण्याबद्दल: इंग्रजी उच्चार ‘रॉरी’च्या जवळचा, आयरिश ‘रूअरी’. घरात मराठी बोलणार असाल तर ‘रोरी’ लिहा, जिभेला सोपं आहे. पत्रिकेवर ‘कु. रोरी’ छापा, म्हणजे आहेर आणणाऱ्यांचीही पंचाईत नको.

आणि आत्याबाईंना एक विचारा. आमच्या घरी मुलीच्या बारशालाही पाळण्याखालून बाळ देताना बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असंच म्हणत आल्या आहेत. त्यांच्याकडे काय म्हणतात?