एकतीस ठिकाणची एकच चूक

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ स्ट्रीम करणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड वाचताना 'सेपरेट'च्या स्पेलिंगमध्ये 'ए'च्या जागी 'ई' पडलेला दिसला. शोधलं तर तीच चूक एकतीस ठिकाणी! एका कमांडमध्ये सगळं बदलता येईल. मित्र म्हणतात, कोड लिही, शुद्धलेखन काय तपासत बसलायस? दुरुस्ती पाठवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर पाठव. प्रोग्रामिंगकडे वळण्याआधी मी पुण्यात एका छापखान्यासाठी प्रुफं तपासायचे, त्यामुळे तुझा प्रश्न मला फार जवळचा वाटला. कोडमधली कॉमेंट, म्हणजे संगणक वगळतो ती टीप, पुढच्या माणसासाठी असते. तो बग शोधताना बरोबर स्पेलिंग टाकून सर्च करतो आणि नेमकी चुकलेली ओळ त्याला सापडत नाही. हे नुकसान खरं आहे, ते दुरुस्त करणं हे कामच आहे.

पण एका कमांडमध्ये बदलू नकोस. प्रत्येक ठिकाणी थांब आणि बघ, हा शब्द कोण वाचतं? कॉमेंट माणूस वाचतो, ती बिनधास्त सुधार. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र वेगळा, तो प्रोग्राम चालताना वापरला जातो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचंच बघ. त्याचे मेनू मराठीतही येतात. हे भाषांतर 'गेटटेक्स्ट' पद्धतीने चालतं, म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य हीच चावी आणि तिच्यासमोर मराठी वाक्य. इंग्रजीतलं एक अक्षर सुधारलं की चावी बदलली. मराठी ओळीवर 'फझी', म्हणजे 'खात्री नाही', असा शिक्का बसतो आणि भाषांतरकाराने पुन्हा तपासून तो काढेपर्यंत वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसतं. स्पेलिंग सुधारलं आणि मराठी गेली, असं व्हायला नको. म्हणून अशा ओळी वेगळ्या काढ आणि भाषांतराच्या फाइलींचं काय करायचं ते प्रकल्पातल्या लोकांना आधी विचार.

लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना ठेवतो ती नोंद, त्यातल्या संदेशांचंही तसंच. एका कामात मी चुकीचं स्पेलिंग असलेला एक संदेश सुधारला. सहकाऱ्याची स्क्रिप्ट लॉगमध्ये तोच चुकलेला शब्द शोधून इशारा पाठवायची. इशारे बंद पडले. दोन दिवस एक स्ट्रीम तुटत होता आणि कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून अवतरणचिन्ह दिसलं की मी आधी तो शब्द आणखी कुठे वापरलाय ते शोधते.

काही चुका तर आता सुधारायच्याच नाहीत. ब्राउझर किंवा प्लेअर आपण कुठल्या पानावरून आलो ते सर्व्हरला सांगतो, विनंतीसोबत जाणाऱ्या त्या ओळीचं, म्हणजे हेडरचं, नाव 'रेफरर'. त्यात दोन 'आर' एकापाठोपाठ हवेत, पण एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या संवादाचे नियम, त्याच्या 1996च्या दस्तऐवजात एकच छापला गेला आणि तोच नियम झाला. काही व्हिडिओ सर्व्हर हे हेडर पाहूनच व्हिडिओ देतात. तू शुद्ध करून पाठवलंस तर त्यांना ते ओळखूच येणार नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे हेडर ठरवणाऱ्या ऑप्शनच्या नावातही एकच 'आर' आहे. व्हीएलसीने मात्र ऑप्शनचं नाव शुद्ध ठेवलंय आणि हेडर मात्र जुन्याच स्पेलिंगने पाठवतं. मला ही तोड फार आवडते.

फंक्शनची आणि ऑप्शनची नावं पहिल्या पॅचमध्ये, म्हणजे तू पाठवशील त्या बदलांच्या फाइलीत, घेऊच नकोस. ती दुसऱ्यांचे प्रोग्राम वापरत असतात. ती बदलायची तर नवं नाव आणून जुनंही काही काळ चालू ठेवावं लागतं.

'कोडस्पेल' नावाचं साधन कोडमधल्या स्पेलिंगच्या चुका शोधायला चांगलं आहे, पण त्याचं प्रत्येक सुचवणं स्वतः वाच. एफएफएमपेगमध्ये इनपुट स्ट्रीमसाठी 'आयएसटी' असं तीन अक्षरी नाव वापरतात. साधनाला ती चूक वाटू शकते. दुरुस्ती स्वीकारली तर कोड मोडेल.

एकतीसमधल्या फक्त कॉमेंट एका पॅचमध्ये घाल. त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नकोस. तपासणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की प्रोग्राम होता तसाच आहे. वर एका ओळीत कुठला भाग आणि काय दुरुस्त केलं ते लिही. आणि 'कलर'मध्ये कुठे 'यू' दिसला तर तो काढू नकोस, ते ब्रिटिश स्पेलिंग आहे.