चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनची चाल वाढतेय? आधी प्रोग्राम तपासा

तुम्ही लिहिलंय की स्थिर, एकसमान चुंबकीय क्षेत्रात सोडलेल्या इलेक्ट्रॉनची चाल तुमच्या प्रोग्राममध्ये वाढत जाते, मग चुंबकीय बल कार्य करतं, म्हणजे इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतं, असं समजायचं का? वाचताक्षणी माझा जुना प्रोजेक्ट आठवला. वर्तुळाऐवजी बाहेर उलगडत जाणारं तेच वेटोळं!

नाही, करत नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र प्रभारावर किती बल लावतात हे सांगणारं लॉरेंट्झचं सूत्र तुम्हाला माहीत असेलच. विद्युतक्षेत्र थांबलेल्या प्रभारालाही ढकलतं. चुंबकीय क्षेत्राचं बल मात्र प्रभार हलत असेल तरच, आणि तेही कायम वेगाला काटकोनात. त्यामुळे दिशा वळते, चाल तेवढीच राहते.

माझी चूक अशी, की क्षेत्र आहे म्हणजे ऊर्जा देणारच हे मी धरून चाललो. संगणनाच्या मदतकक्षात दोनदा गेलो. प्रोग्राम न उघडताच 'कोड चालतोय ना, मग भौतिकशास्त्र तुमचं तुम्ही बघा' असं उत्तर मिळालं. मी ते खरं मानलं आणि त्या वाढलेल्या ऊर्जेचं स्पष्टीकरण देणारं अख्खं प्रकरण लिहिलं. दोन महिने गेले, प्रकरण काढून टाकावं लागलं. त्याचा राग अजून आहे. कोणी पाच मिनिटं कोड वाचला असता तर निभावलं असतं.

दोष साध्या ऑयलर पद्धतीचा होता, म्हणजे काळाचे छोटे टप्पे (स्टेप) घेत गती मोजण्याच्या सर्वांत सोप्या रीतीचा. ती प्रत्येक स्टेपला जुन्या वेगात त्याच्या काटकोनातली भर घालते, म्हणजे नवा वेग हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो आणि त्याची लांबी वाढणारच. ०.०१ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनची एक फेरी साधारण ३.६ नॅनोसेकंदांची. फेरीत सुमारे १२६ स्टेप घेतल्या तरी १००० स्टेपनंतर चाल जवळजवळ साडेतीनपट होते. स्टेप लहान केल्याने रोग लांबतो, जात नाही. माझं स्पष्ट मत: बोरिस पद्धत वापरा. तिच्यात विद्युतक्षेत्राचा अर्धा धक्का, मग चुंबकीय क्षेत्रामुळे वेगाचं निव्वळ फिरणं (लांबी तीच), मग उरलेला अर्धा धक्का, असा क्रम असतो.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. माझं कामही प्रकाशाच्या मानाने फार कमी वेगाच्या इलेक्ट्रॉनांपुरतंच होतं. आणि क्षेत्र काळानुसार बदलत असेल तर गोष्ट वेगळी: तिथे विद्युतक्षेत्र प्रेरित होतं आणि चाल खरोखर बदलू शकते.

जाता जाता, इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण आहे, म्हणून उजव्या हाताच्या नियमाने आलेली बलाची दिशा उलटी करा. आणि विद्युतक्षेत्र शून्य ठेवून गतिज ऊर्जेचा आलेख काढा. रेघ आडवी नसेल तर चूक कोडमध्येच आहे.