ड्राइव्हचं ऑइल दुधाळ झालंय, नुसतं सील बदलू का?

प्रश्न: दादा, आमच्या स्टर्नड्राइव्ह बोटीचं (इंजिन आत, गिअर-प्रॉपेलरचा ड्राइव्ह मागे बाहेर) गिअर ऑइल काढलं तर पार दुधाळ निघालं, वळताना घरघर पण येते. प्रॉप शाफ्टचं, म्हणजे प्रॉपेलरच्या दांड्याचं, सील बदललं की झालं ना? – एक वाचक, अलिबाग

उत्तर: नाही भाऊ. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, आणि पाण्याने बेअरिंग गंजतात, त्यामुळे ड्रेन प्लगच्या चुंबकाला काय चिकटलंय ते आधी बघा, मऊ काळा गाळ असेल तर ठीक पण बोटाला टोचणारा चुरा लागला तर ड्राइव्ह खोलावाच लागेल. घरघर बहुतेक गिंबल बेअरिंगची (इंजिनकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं), ड्राइव्ह उतरवून ते बेअरिंग हाताने फिरवा, खरखर लागली की बदला. प्रॉप शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच असेल तर नवीन सीलही गळणार. ऑइल भरायच्या आधी प्रेशर टेस्ट (ड्राइव्हमध्ये हवा भरून गळती बघणं) कराच. आणि प्रॉपमागे तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलीय का बघा हं, सील बऱ्याचदा तीच कापते.